ढगांना गती कोण देते?

आषाढात सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे धावणारे ढग पाहून त्यांना कोण हाकतो, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. वारा हाकतो, हे उत्तर शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या ढगांच्या पलीकडे, ताऱ्यांच्या मधल्या विस्तीर्ण पोकळीत, आणखी एका जातीचे ढग आहेत. ते पाण्याचे नाहीत, हायड्रोजन वायूचे आहेत. एकेका ढगाचा विस्तार काही प्रकाशवर्षांपासून कित्येक प्रकाशवर्षांपर्यंत असतो. डोळ्यांना ते दिसत नाहीत; तथापि तेही धावत असतात, आणि कोणी सावकाश, तर कोणी फार वेगाने. त्यांना हाकणारा वारा कोणता? विसाव्या शतकाच्या मध्यापासून ज्योतिर्विदांपुढे हा प्रश्न उभा आहे. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग बंगळूरच्या एका संस्थेत मांडला गेला आणि पुणे जिल्ह्यातील खोडद गावच्या माळावर त्याची पारख झाली. ती हकीकत आज श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

प्रथम हे ढग कोठे आहेत व कसे आहेत ते पाहू. आपला सूर्य ज्या तारकासमूहात आहे त्याला आपण आकाशगंगा म्हणतो. अशा प्रचंड तारकासमूहांना शास्त्रीय परिभाषेत दीर्घिका असे नाव आहे. आकाशगंगेचा आकार एखाद्या चपट्या तबकडीसारखा असून ती तबकडी आपल्या केंद्राभोवती फिरत असते. सूर्य केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे. सेकंदास सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावूनही एक प्रदक्षिणा पुरी करण्यास त्याला सुमारे २२ कोटी वर्षे लागतात. या तबकडीत ताऱ्यांच्या जोडीला वायू आहे, आणि वायूत मिसळलेली थोडी धूळ आहे. वायू म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे हवा येते. पण ही तुलना फसवी आहे. आपल्या भोवतालच्या एक घन सेंटिमीटर हवेत सत्तावीसवर अठरा शून्ये मांडावी इतके रेणू असतात. ताऱ्यांच्या मधल्या जागेत तेवढ्याच आकारमानात सरासरीने हायड्रोजनचा एखादाच अणू सापडतो. जेथे ही संख्या तीस-चाळीस किंवा अधिक होते, त्या भागाला ज्योतिर्विद ढग म्हणतात. असे ढग अतिशय थंड असतात. त्यांचे तापमान शून्याखाली सुमारे १९० अंश असते. त्यांच्याभोवती विरळ व उष्ण वायू पसरलेला असतो, आणि काही भागांत तर दशलक्ष अंश तापमानाचा, अत्यंत विरळ असा वायू भरलेला आढळतो.

या ढगांना दोन प्रकारची गती असते. आषाढी वारीचे उदाहरण घेतले म्हणजे हे चटकन ध्यानात येईल. पालखीबरोबर निघालेला सारा समुदाय पंढरीच्या दिशेने पुढे सरकत असतो. ती झाली सर्वांची मिळून एक गती. परंतु त्या समुदायातील एखादा वारकरी पाणी पिण्यासाठी बाजूला जातो, एखादा मागे राहिलेल्या सोबत्याला शोधीत उलट येतो, एखादा झपाझप चालून पुढची दिंडी गाठतो. ही ज्याची त्याची स्वतंत्र गती होय. आकाशगंगेतील ढगांचेही असेच आहे. केंद्राभोवती फिरण्याची सामुदायिक गती सर्वांना आहेच. तिच्याखेरीज प्रत्येक ढगाची स्वतःची एक स्वैर गती असते. बहुसंख्य ढगांत ती सेकंदास सात-आठ किलोमीटर असते, काहींत वीस किंवा त्याहून बरीच अधिक आढळते.

खरा प्रश्न या स्वैर गतीचा आहे. दोन ढग एकमेकांवर आदळले म्हणजे त्यांच्या गतीचे उष्णतेत रूपांतर होते, ती उष्णता प्रकाशाच्या रूपाने अवकाशात निघून जाते आणि ढग मंदावतात. असे होत राहिले, तर कोटी वर्षांच्या सुमारास बहुतेक ढगांची चंचलता संपून जावी. आकाशगंगेचे वय तर हजार कोटी वर्षांहून अधिक आहे. तरीही ढग अद्याप धावत आहेत. याचा अर्थ असा, की खर्च होणारी गती कोणीतरी सतत भरून काढीत आहे. शासकीय सेवेत आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्याला हा युक्तिवाद विशेष पटतो. तिजोरीतून रोज पैसा जात आहे आणि तरी शिल्लक कायम आहे, असे दिसले, की कोठून तरी भरणा होतच असला पाहिजे. आणि तो कोठून होतो हे शोधून काढणे हे हिशेब पाहणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.

हा भरणा करणारे म्हणून ज्यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते ते तारे जिवंत नाहीत; ते मेलेले तारे आहेत. सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचा तारा आपले इंधन जाळून संपविल्यावर स्वतःचा भार सहन करू शकत नाही. त्याचा गाभा क्षणार्धात आत कोसळतो आणि बाहेरचे थर प्रचंड स्फोटाने उधळले जातात. या स्फोटालाच अतिनवतारा म्हणतात. श्वेतबटू नावाच्या लहान व घन ताऱ्यांचाही दुसऱ्या एका रीतीने असाच स्फोट होतो. आकाशगंगेत शंभर वर्षांत असे दोन-तीन स्फोट होत असावेत असा अंदाज आहे. पण मधल्या धुळीच्या आडोशामुळे त्यांपैकी बहुतेक आपल्याला दिसत नाहीत. १०५४ च्या जुलै महिन्यात चिनी ज्योतिषांनी वृषभ राशीत एक पाहुणा तारा पाहिला. तेवीस दिवस तो भर दिवसा दिसत होता आणि रात्रीच्या आकाशात सुमारे एकवीस महिने टिकला. अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा आहे. तेव्हा ते देऊळ ज्या पिढीने बांधले त्याच पिढीच्या डोक्यावर हा तारा तळपून गेला होता. जुलैत कोकणचे आभाळ मोकळे मिळणे कठीणच. तथापि पुढच्या हिवाळ्यात तो रात्री दिसण्यास हरकत नव्हती. त्याच जागी आज दुर्बिणीतून खेकड्याच्या आकाराची एक अभ्रिका दिसते. १५७२ मध्ये शर्मिष्ठेत आणि १६०४ मध्ये भुजंगधारी या तारकासमूहात असेच तारे प्रकटले. त्यानंतर आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसलेला अतिनवतारा झालेला नाही. १९८७ मध्ये दिसलेला अतिनवतारा शेजारच्या मॅगेलनी मेघातला होता.

आपण त्या ताऱ्याच्या झगझगाटाने चकित होतो. पण तो झगझगाट काही महिन्यांत मावळतो. ढगांच्या दृष्टीने खरे महत्त्व आहे ते मागे राहणाऱ्या अवशेषाला. स्फोटात उधळलेल्या द्रव्याला मिळणारी गतिज ऊर्जा, सूर्य आपल्या सुमारे एक हजार कोटी वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा बाहेर टाकील, साधारण तेवढी असते. प्रारंभी हे द्रव्य सेकंदास दहा हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने सर्व दिशांना सुटते. काही शतके त्याला कोणी अडवीत नाही. पुढे, वाटेतला जेवढा वायू त्याने लोटलेला असतो त्याचे वस्तुमान स्वतःच्या वस्तुमानाइतके झाले, म्हणजे त्याची चाल मंदावू लागते. वायूत आघाताची एक लाट तयार होते आणि तिच्या मागे कोटी अंश तापलेल्या वायूचा एक फुगा फुगत जातो. ही दुसरी अवस्था काही हजार वर्षे टिकते. हंस तारकासमूहातील जाळीसारखी तंतुमय अभ्रिका अशाच एका अवशेषाची कड आहे. तो अवशेष दहा-वीस हजार वर्षांचा असून आकाशात त्याची रुंदी पूर्णचंद्राच्या सहापट भरते. यानंतर तिसरी अवस्था येते. लाटेची गती सेकंदास दोनशे किलोमीटरच्या खाली उतरली, की तिच्यामागचा वायू झपाट्याने थंड होऊन दाट कवच बनतो आणि खळ्यातील धान्य फावड्याने लोटावे तसा पुढचा वायू लोटीत राहतो. अखेर दहा लक्ष वर्षांच्या सुमारास, शंभर-दोनशे प्रकाशवर्षांचा घेर व्यापून, ते कवच भोवतालच्या वायूत विरून जाते.

या अवशेषांतील विद्युत्कण चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि त्यांतून रेडिओ लहरी निघतात. म्हणून डोळ्यांना जेथे काहीच दिसत नाही, तेथेही रेडिओ दुर्बिणीला अवशेष सापडतो. बंगळूरच्या उत्तरेस गौरीबिदनूर येथे रामन संशोधन संस्था व भारतीय ताराभौतिकी संस्था यांनी मिळून लांब लहरींसाठी एक दुर्बीण उभारली होती. इंग्रजी टी अक्षराच्या आकारात मांडलेल्या एक हजार द्विध्रुवी आकाशकांची ती मांडणी पूर्व-पश्चिम सुमारे १.४ किलोमीटर लांब होती. तिच्या साहाय्याने द्वारकानाथ व उदय शंकर यांनी ३४.५ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर तयार केलेला आकाशाचा विस्तृत नकाशा १९९० मध्ये प्रसिद्ध झाला.

आता अशा अवशेषाच्या वाटेत एखादा थंड ढग आला तर काय होईल? ढग घन असल्यामुळे आघाताची लाट त्याच्या आत सावकाश शिरते, पण बाहेरून त्याला वेढून वेगाने पुढे निघून जाते. ढग सर्व बाजूंनी चेपला जातो. भोवतालून वाहणारा तप्त वायू त्याला आपल्याबरोबर ओढू लागतो, त्याच्या कडा फाटतात आणि वरचा थर तापून वाफेसारखा उडून जातो. त्यातून तो वाचलाच, तर दोन फरक होऊन वाचतो. एक, त्याची गती पुष्कळ वाढलेली असते. दुसरा, त्यातील वायू पूर्वीपेक्षा कमी झालेला असतो. म्हणजेच वेगवान ढग हा कृशही असला पाहिजे. या एका वाक्यात पुढील साऱ्या शोधाचे बीज आहे. शिवाय एक तिसरा फरक संभवतो. ढगातील धुळीच्या कणांत कॅल्शियमसारखी मूलद्रव्ये अडकून पडलेली असतात. आघाताने ते कण झिजले, म्हणजे अडकलेले कॅल्शियम सुटून वायूत मिसळते.

हा तिसरा फरक प्रत्यक्षात सर्वांच्या आधी नजरेस आला, आणि तोही त्याचे कारण ठाऊक नसताना. अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत अ‍ॅडम्स यांनी सुमारे तीनशे ताऱ्यांच्या वर्णपटांत मधल्या ढगांमुळे उमटलेल्या बारीक काळ्या रेषा तपासल्या आणि १९४९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या रेषा आपल्या मूळ जागेपासून किती सरकल्या आहेत यावरून ढगांच्या गती कळल्या. १९५२ मध्ये राउटली व स्पिट्झर यांनी दाखवून दिले, की मंद ढगांत सोडियमच्या मानाने कॅल्शियम फारच थोडे आढळते. वेगवान ढगांत मात्र त्याचे प्रमाण वाढलेले असते. वेगवान ढग कसल्यातरी धक्क्यातून गेले असावेत, याची ही पहिली खूण होती.

परंतु ढग मुख्यतः हायड्रोजनचा. सोडियम आणि कॅल्शियम हे त्यातले मीठमसाल्याएवढे घटक. ढगात द्रव्य किती आहे हे सांगावयाचे तर हायड्रोजनच पाहिला पाहिजे. थंड हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो व शोषतो. व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केले आणि १९५१ मध्ये हार्वर्ड येथे ती लहर प्रत्यक्ष पकडली गेली. तिचा उपयोग दोन रीतींनी होतो. ढगातून निघालेली लहर सरळ मोजता येते. किंवा दूरच्या एखाद्या प्रखर रेडिओ स्रोतासमोर ढग आला असता त्याची सावली पाहता येते. दिव्यासमोर धरलेल्या विरळ पडद्याचे विणकाम जसे स्पष्ट दिसते, तसे या दुसऱ्या रीतीने थंड ढगांचे दर्शन फार नेमके होते.

येथे बंगळूरचा प्रवेश होतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४८ मध्ये या शहरात आपली संशोधन संस्था स्थापन केली. १९७० मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचे चिरंजीव व्ही. राधाकृष्णन १९७२ पासून तिचे संचालक झाले. तत्पूर्वी ऑस्ट्रेलियात असताना हायड्रोजन ढगांच्या सावल्यांचे एक मोठे सर्वेक्षण त्यांनी सहकाऱ्यांसमवेत केले होते, आणि बंगळूरला आल्यावरही तो विषय त्यांनी सोडला नाही. १९८० मध्ये राधाकृष्णन व सरमा यांनी आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने पडणारी सावली बारकाईने पाहिली. हीच दिशा घेण्यामागे एक मार्मिक विचार होता. मघाशी सांगितलेली वारीची सामुदायिक गती ज्योतिर्विदाला फार अडचणीची असते. कारण ढगाचा मोजलेला वेग परिभ्रमणाचा किती आणि स्वैर किती, हे वेगळे काढणे कठीण जाते. पण केंद्राकडे पाहताना मधले सर्व ढग आपल्या दृष्टिरेषेला आडवे फिरत असतात. परिभ्रमणामुळे ते आपल्याजवळ येत नाहीत आणि दूरही जात नाहीत. म्हणून त्या दिशेने जी गती आढळते ती बव्हंशी ढगांची स्वतःची मानता येते.

त्या सावलीत दोन भाग आढळले. एक खोल व अरुंद. तो मंद ढगांचा. दुसरा उथळ पण रुंद. त्यातील गतींचा पसारा सेकंदास सुमारे ३५ किलोमीटरचा. राधाकृष्णन व त्यांचे सहकारी जी. श्रीनिवासन यांनी त्याच वर्षी यावरून असा विचार मांडला, की आंतरतारकीय ढगांच्या जाती दोन आहेत. मंद ढग मूळ स्थितीतले, आणि वेगवान व कृश ढग अतिनवताऱ्यांच्या अवशेषांनी झोडपून काढलेले. विचार आकर्षक होता. पण एका दिशेच्या साक्षीवर उभा होता. केंद्राजवळचा वायू मुळातच विलक्षण वागणारा आहे; ती उथळ सावली त्याचीच कशावरून नसेल, अशी शंका घेता येत होती आणि ती घेतलीही गेली. शास्त्रात असा आक्षेप म्हणजे वैर नव्हे. ज्याच्या सिद्धान्तावर कोणी आक्षेपच घेत नाही, त्याचा सिद्धान्त बहुधा कोणी वाचलेला नसतो.

आक्षेपाचे उत्तर देण्यास काळ लागला. ज्या ताऱ्यांच्या दिशेने वेगवान ढगांच्या सोडियम-कॅल्शियमच्या रेषा पूर्वी दिसल्या होत्या, त्याच दिशांना राजगोपाल, श्रीनिवासन व द्वारकानाथ यांनी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या रेडिओ दुर्बिणींनी हायड्रोजनची सावली शोधली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात मंद ढग अपेक्षेप्रमाणे सापडले. वेगवान ढगांची सावली मात्र बहुतेक ठिकाणी उमटलीच नाही. म्हणजे त्यांत हायड्रोजन फार थोडा उरला असला पाहिजे, किंवा तो पुष्कळ तापलेला तरी असला पाहिजे. दोन्ही गोष्टी झोडपलेल्या ढगाच्या कल्पनेशी जुळत होत्या. परंतु ‘दिसत नाही’ ही साक्ष ‘दिसते’ या साक्षीपेक्षा नेहमीच दुबळी असते. अतिशय उथळ सावलीही टिपू शकेल अशी दुर्बीण हवी होती.

ती दुर्बीण तोवर महाराष्ट्रात उभी राहिली होती. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी सुमारे पंचवीस किलोमीटरच्या टापूत उभारल्या. तिच्यातील २१ सेंटिमीटर लहरींसाठी लागणारी ग्राहक यंत्रणा बंगळूरच्या रामन संस्थेने तयार केली होती. खोडदची पोलादी जाळी आणि बंगळूरचे कान यांच्या या सहकार्यातून जुन्या प्रश्नाची नवी पारख झाली. रेखेश मोहन, द्वारकानाथ व श्रीनिवासन यांनी आकाशातील १०२ दिशा निवडल्या. या वेळी केंद्राची दिशा टाळून आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर, वरच्या व खालच्या बाजूंकडे त्यांनी नजर वळविली. तबकडीच्या जाडीतून दृष्टी लवकर बाहेर पडत असल्यामुळे तेथे परिभ्रमणाचा घोटाळा फारसा होत नाही. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ढगांच्या गती एका गटात बसत नव्हत्या. दोन गट पडत होते. एका गटातील स्वैर गतीचा पसारा सेकंदास सुमारे ७.६ किलोमीटर, तर दुसऱ्यातील सुमारे २१ किलोमीटर होता. वेगवान गटातील ढगांच्या सावल्या उथळ होत्या, म्हणजे ते ढग कृश होते, आणि त्यांपैकी पुष्कळसे तबकडीच्या नित्याच्या जाडीपलीकडे उंच गेलेले असावेत असेही अनुमान निघाले. १९८० च्या विचाराला चोवीस वर्षांनी अनेक दिशांची साक्ष मिळाली.

पण एकट्या अतिनवताऱ्याने ढगाला एवढ्या उंचीवर फेकणे अवघड आहे. येथे बंगळूरच्याच दुसऱ्या एका कामाचा उल्लेख केला पाहिजे. मोठे तारे प्रायः समूहाने जन्माला येतात, अल्पायुषी असतात, आणि तीन-चार कोटी वर्षांच्या आत एकामागून एक फुटतात. भारतीय विज्ञान संस्थेतील प्रतीक शर्मा व रामन संस्थेतील बिमन नाथ यांनी अर्पिता रॉय आणि युरी श्चेकिनोव्ह यांच्यासमवेत संगणकावर गणित करून २०१४ मध्ये यासंबंधी एक स्पष्ट भेद दाखविला. एकटा स्फोट आपली जवळजवळ सारी ऊर्जा भोवतालच्या वायूला तापवून, प्रकाशरूपाने उधळून बसतो. परंतु पहिल्या स्फोटाने मोकळ्या केलेल्या पोकळीत दुसरा झाला, दुसऱ्याच्या पोकळीत तिसरा झाला, तर पुढच्या स्फोटांना दाट वायू लागतच नाही. त्यांची ऊर्जा टिकते आणि एक महाबुडबुडा वाढत राहतो. तो पुरेसा मोठा झाला, म्हणजे तबकडीची जाडी फोडून बाहेर पडतो. तप्त वायू वर उसळतो, थंड होतो आणि कारंज्याच्या पाण्याप्रमाणे परत खाली येतो.

या महाबुडबुड्यांचे आयुष्य किती, हे पुष्कळसे दीर्घिकेच्या परिभ्रमणावर अवलंबून असते. आपली तबकडी गाडीच्या चाकासारखी अखंड फिरत नाही. आतला वायू आपली फेरी लवकर संपवितो, बाहेरचा मागे राहतो. त्यामुळे जो बुडबुडा जन्मतः गोल असतो, त्याची आतली कड पुढे खेचली जाते, बाहेरची मागे पडते; तो हळूहळू तिरपा व लांबट होतो आणि काही कोटी वर्षांत पिळवटून पुसला जातो. काही छोट्या दीर्घिकांत मात्र वायूचा बराचसा भाग चाकासारखा एकसंध फिरतो. तेथे अशी पिळवणूक होत नाही, म्हणून तेथील पोकळ्या अधिक काळ गोल राहतात व मोठ्या होतात. होल्मबर्ग-दोन नावाच्या एका छोट्या दीर्घिकेतील हायड्रोजनच्या नकाशात १९९२ मध्ये अशी एक्कावन्न छिद्रे मोजली गेली. त्यांतील प्रत्येक छिद्र अतिनवताऱ्यांनीच पाडले असे ठरलेले नाही. परंतु त्यांचे टिकून राहणे परिभ्रमणाच्या रीतीशी जुळते. असे हे दोन कारागीर आहेत. एक वायूला धक्का देऊन कवचे व पोकळ्या घडवितो, दुसरा त्यांना ताणून पुन्हा सपाट करितो. आणि या ओढाताणीतच दीर्घिकेतील ढगांना त्यांचे आकार येतात.

या सर्वांचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. ताऱ्यांची उत्पत्ती थंड ढगांतूनच होते. हे ढग केवळ गुरुत्वाकर्षणाच्या हाती सोडले असते, तर आकाशगंगेतील वायू आजच्या सुमारे शंभरपट वेगाने ताऱ्यांत रूपांतरित होऊन गेला असता. प्रत्यक्षात वर्षाकाठी सूर्याएवढे एक-दोन तारे घडतील इतकाच वायू खर्ची पडतो. या काटकसरीला चुंबकीय क्षेत्र, ताऱ्यांचा प्रखर प्रकाश, त्यांचे वारे आणि स्वतः परिभ्रमण अशी अनेक कारणे आहेत. पण अतिनवताऱ्यांनी दिलेली चंचलता हे त्यांतील एक प्रमुख कारण मानले जाते. म्हणजे मेलेले तारे पुढच्या पिढीचे भांडवल एकदम उधळू देत नाहीत. उलट, जेथे कवच दाट होते तेथे तेच नव्या ताऱ्यांच्या जन्माला निमित्त होतात. आपला सूर्य आज सुमारे हजार प्रकाशवर्षे रुंदीच्या एका पोकळीत आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार ही पोकळी सुमारे एक कोटी चाळीस लक्ष वर्षांपूर्वी सुरू झालेल्या अतिनवताऱ्यांच्या मालिकेने कोरली, आणि आपल्या जवळपासचे, वृषभ व भुजंगधारी या दिशांचे ताऱ्यांचे जन्मस्थान असलेले ढग तिच्याच कवचावर आहेत. समुद्रतळाच्या थरांत लोखंडाचा एक किरणोत्सर्गी प्रकार सापडतो. त्याचे अर्धे आयुष्य अवघे सव्वीस लक्ष वर्षांचे असल्यामुळे तो पृथ्वीच्या जन्मापासूनचा असणे शक्य नाही. वीस-तीस लक्ष वर्षांपूर्वी जवळच्या स्फोटांतून तो आपल्यावर पडला. अतिनवताऱ्याची राख अशी आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेली आहे.

शेवटी व्यवहाराची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १०२ दिशांच्या त्या उथळ सावल्या टिपता आल्या, कारण खोडदच्या परिसरात रेडिओ लहरींचा गोंगाट थोडा होता. २१ सेंटिमीटरची लहर आंतरराष्ट्रीय करारान्वये राखून ठेवलेली आहे. पण कागदावरच्या संरक्षणाने माळावरची शांतता आपोआप राहत नाही. कारखाने, विजेच्या तारा, दूरध्वनीचे मनोरे, रेल्वे या सर्वांचा गोंगाट दुर्बिणीच्या कानात शिरतो. आणि जुन्नर-आंबेगावच्या रहिवाशांना रेल्वे हवी, उद्योग हवेत, हेही तितकेच न्याय्य आहे. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीत या दुर्बिणींचा विचार करावा लागला तो यामुळेच. असे प्रश्न सोडविताना अधिकाऱ्यापुढे एका पारड्यात रोजगाराचे आकडे असतात; दुसऱ्यात टाकावयास आकडा नसतो. ज्या ढगांपासून एक पैशाचे उत्पन्न नाही, त्यांच्या सावलीची किंमत कोणत्या सदरात मांडावी? माझ्या मते ती मांडता येणार नाही. परंतु म्हणून ती शून्य धरणे हीही चूक होईल. दोन्ही गरजा समोरासमोर बसवून मार्ग काढणे हे कष्टाचे काम आहे, आणि ते करण्यासाठी माळावर काय ऐकले जात आहे हे गावकऱ्यांना व कचेऱ्यांना दोघांनाही ठाऊक असले पाहिजे.

तेथे ऐकले जात आहे ते हे. लाखो वर्षांपूर्वी फुटलेल्या, आता नावनिशाणीही न उरलेल्या ताऱ्यांनी दिलेला धक्का ढगांच्या अंगी अद्याप शिल्लक आहे. तो धक्का सेकंदास एकवीस किलोमीटर एवढा मोजला गेला आहे. आकाशगंगेच्या पुढील पिढ्यांचे तारे केव्हा आणि कोठे जन्मतील, हे ठरविण्यात त्याचा वाटा आहे.